पूल गळतोय? फोडण्याआधी बादली ठेवा

आमच्या सोसायटीचा पूल गळतोय हे पहिल्यांदा कळलं ते गेटवरच्या टँकरच्या वहीतून. (पूल म्हणजे स्विमिंग पूल. ठाण्यातल्या कोपरीच्या रहदारीच्या पुलाबद्दल मला काही म्हणायचं नाही.) आमच्या घोडबंदर रोडला उन्हाळ्यात टँकर इतके येतात-जातात की एखादा जास्त आला तर कोणाच्या लक्षातही येत नाही. मी नुकतीच खजिनदार झाले होते आणि पाण्याची बिलं जुळत नव्हती, म्हणून वही मागवली. ‘पूल’ असा शेरा असलेल्या नोंदी वेगळ्या काढल्या. साधारण दर नऊ दिवसांनी येणारा दहा हजार लिटरचा टँकर एप्रिलमध्ये दर चौथ्या दिवशी येत होता.

मग सगळ्या कमिट्या करतात तेच आम्ही केलं. एका कंत्राटदाराला बोलावलं. त्याने पूलभोवती एक फेरी मारली, बेसमेंटच्या पार्किंगमध्ये जाऊन छताकडे पाहिलं, तिथे पाणी ठिबकत होतंच, आणि दहा मिनिटांत निदान झालं. “मॅडम, तळ गेलाय. सगळं उचकटून वॉटरप्रूफिंग नव्याने करावं लागेल.” पूल रिकामा केला, तळाच्या टाइल्स फोडल्या, नवा लेप, नव्या टाइल्स. मुलांची मे महिन्याची सुट्टी कोरडी गेली. अकरा टँकर ओतून पूल पुन्हा भरला आणि पाचव्या दिवशी वॉचमनचा फोन आला, “मॅडम, पूलसाठी टँकर सांगू का?”

खरी गळती त्यानंतर सापडली. ती शोधायला एक पांढरी बादली, एक स्टीलची फूटपट्टी आणि थोडे दिवस लागले. हे सगळं लिहून काढते आहे ते कमिटीवर नव्याने आलेल्यांसाठी, आणि ज्यांच्या रो-हाउसच्या अंगणात छोटा पूल आहे त्यांच्यासाठीही. मी इंजिनियर नाही, हिशोब ठेवणारी बाई आहे. पण पूलची गळती हा निम्म्याहून जास्त हिशोबाचाच मामला आहे.

आपला पूल कोणत्या जातीचा?

आपल्याकडच्या मोठ्या संकुलांत बहुतेक पूल ओव्हरफ्लो पद्धतीचे असतात. पाणी काठोकाठ, काठावरच्या जाळीतून ते चरात पडतं, चरातून खालच्या बॅलन्सिंग टँकमध्ये जातं, तिथून पंप ते फिल्टरमधून परत पूलमध्ये सोडतो. बंगल्यातले, रो-हाउसचे छोटे पूल बहुधा स्किमरचे असतात. त्यात पाणी काठापेक्षा वीतभर खाली असतं आणि भिंतीतल्या चौकोनी तोंडातून आत ओढलं जातं. हा फरक आधी समजून घ्या, कारण ओव्हरफ्लो पूलमध्ये पंप चालू असताना पूलची पातळी कधीच खाली जात नाही. पाणी कमी होतं ते बॅलन्सिंग टँकमध्ये, आणि त्याचं झाकण सहसा कोणी उघडून बघत नाही.

दुसरी गोष्ट, पूल जमिनीत आहे की पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या स्लॅबवर? पोडियमवरचा असेल तर गळती खालून दिसू शकते. जमिनीतला असेल तर पाणी मातीत मुरतं आणि कोणाला पत्ता लागत नाही.

तिसरी गोष्ट शोधा ती फ्लोट व्हॉल्व्ह. घरातल्या टाकीत असतो तसाच, पातळी खाली गेली की आपोआप पाणी सोडणारा. गळती महिनोन्‌महिने लपवून ठेवण्याचं काम हा इमानदारीने करतो. कुठलीही तपासणी करायची तर आधी त्याचा नळ बंद.

एक सोपं गणित वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. एक चौरस मीटर पाण्याची पातळी एक मिलिमीटर खाली गेली म्हणजे एक लिटर पाणी गेलं. आमचा पूल १५ मीटर लांब, ६ मीटर रुंद, म्हणजे ९० चौरस मीटर. पातळी एक सेंटिमीटर उतरली की ९०० लिटर गेले. यापुढे जो कोणी “थोडंसं कमी झालंय” म्हणेल त्याला विचारायचं, थोडंसं म्हणजे किती मिमी?

बादली

प्रत्येक पूलचं पाणी कमी होतंच. उन्हाने वाफ होते, मुलं उड्या मारतात, ओल्या अंगाने लोक बाहेर येतात, फिल्टर धुताना पाणी जातं. ठाण्यात एप्रिल-मेमध्ये नुसत्या बाष्पीभवनाने दिवसाला साधारण ५ ते ७ मिमी पातळी उतरते. हा आकडा वाऱ्यावर, उन्हावर बदलतो, म्हणून तो पाठ करण्यापेक्षा आपल्याच पूलच्या काठावर मोजावा.

कशी मोजायची ते सांगते. एक पांढरी किंवा फिक्या रंगाची बादली घ्या, ती तरंगू नये म्हणून आत एक धुतलेली वीट टाका. पूलच्या दुसऱ्या पायरीवर अशी ठेवा की बादलीचा काठ पाण्याच्या वर राहील. आता बादलीत पूलचंच पाणी भरा, आतली आणि बाहेरची पातळी एकसारखी होईपर्यंत. दोन्ही पातळ्यांवर चिकटपट्टीने किंवा पक्क्या मार्करने खूण करा. पंप बंद, फ्लोट व्हॉल्व्ह बंद, बॅकवॉश (म्हणजे पाणी उलटं फिरवून फिल्टर धुणं) नाही, पोहणं नाही. बरोबर चोवीस तासांनी फूटपट्टीने दोन्हीकडची घट मोजा. ऊन-वारा दोघांना सारखाच लागतो, त्यामुळे बादलीत जितकं कमी झालं ती वाफ. पूलमध्ये त्याहून जास्त गेलं तर वरचा फरक म्हणजे गळती. दोन-तीन मिमीचा फरक मोजण्यातली चूक असू शकते, पुन्हा एकदा करून पाहा. त्याच्या वर सतत येत असेल तर शंका घ्यायला जागा आहे.

ओव्हरफ्लो पूलमध्ये आधी पाणी काठापासून तीन-चार सेंटिमीटर खाली आणून घ्या, नाहीतर वाऱ्याच्या लाटेने चरात पडलेलं पाणी गळतीच्या खात्यात जमा होतं. पायऱ्या नसतील तर शिडीला बादली बांधा, हलणार नाही अशी. आणि पावसाळ्यात हा खटाटोप करू नका. पाऊस बादलीत आणि पूलमध्ये सारखाच पडतो हे खरं, पण आजूबाजूच्या फरशीवरचं पाणी वाहत पूलमध्ये येतं आणि सगळा हिशोब बिघडतो. दिवाळी ते मे, हाच मोजणीचा हंगाम.

आमच्या बादलीने काय सांगितलं? बादलीत ६ मिमी, पूलमध्ये ७. म्हणजे पंप बंद असताना पूल जवळजवळ गळतच नव्हता. तुम्ही म्हणाल, नवीन वॉटरप्रूफिंगमुळे गळती थांबली असेल. पण टँकर तर फोडाफोडीच्या आधी जितके लागत होते तितकेच नंतरही लागत होते. तळ बिचारा निर्दोष होता.

पंप चालू, पंप बंद

हीच मोजणी आता पंप नेहमीच्या वेळापत्रकाप्रमाणे चालवून करायची. स्किमरच्या पूलला पुन्हा बादलीच. ओव्हरफ्लोमध्ये मात्र बॅलन्सिंग टँकमध्ये काठी सोडून मोजायचं, आणि तेही रोज एकाच वेळी, सकाळी पंप सुरू करण्यापूर्वी. पंप थांबला की वाटेतलं पाणी टाकीत उतरतं आणि पातळी वर येते, म्हणून भलत्या वेळी मोजलं तर टाकी वाटेल ते सांगते. आमची टाकी ३ मीटर बाय २ मीटर, म्हणजे एक सेंटिमीटर म्हणजे ६० लिटर. दिवसाला ३४ सेंटिमीटर उतरत होती. दोन हजार चाळीस लिटर! त्यातले साडेपाचशेच्या आसपास वाफेचे वजा करा, उरलेले दीड हजार लिटर पंप चालू असतानाच कुठेतरी जात होते.

यावरून दिशा कळते. पंप चालू असताना जास्त जातं तर संशय दाबाच्या बाजूवर, म्हणजे पंपापासून फिल्टर आणि तिथून पूलकडे जाणाऱ्या पाइपवर. पंप बंद असताना जास्त जातं तर पंपाकडे येणाऱ्या, ओढणाऱ्या बाजूवर. तिथे चीर असेल तर पंप चालू असताना पाणी बाहेर जाण्याऐवजी हवा आत ओढली जाते. पंपाच्या गाळणीच्या पारदर्शक झाकणाखाली बुडबुडे दिसतात, पूलमध्ये पाणी सोडणाऱ्या तोंडातूनही फुगे येतात. दोन्ही वेळा सारखंच जात असेल तर भिंत, तळ, दिवे, सांधे यांच्याकडे बघायचं.

हे वाचून सोपं वाटतं आणि तसं ते सोपंच आहे. तरी आमच्याकडे कोटेशन द्यायला आलेल्या चार जणांपैकी एकानेही “पंप बंद करून पाहिलं का” असं विचारलं नव्हतं.

पंपरूममध्ये अर्धा तास

गळती शोधायची सुरुवात कुठून करावी असं कोणी विचारलं तर मी पंपरूम सांगेन. तिथे काही फोडावं लागत नाही आणि आश्चर्य वाटावं इतक्या वेळा चोर तिथेच सापडतो.

आधी फरशी कोरडी पुसून घ्या आणि पंप चालू करून नुसतं बघत उभे राहा. पंपाच्या खाली, मोटर आणि पंप जिथे जुळतात तिथे थेंब पडत असतील तर तिथलं पाणी अडवणारं मेकॅनिकल सील गेलं. गाळणीच्या झाकणाभोवती ओल असेल तर तिथलं रबरी रिंग. फिल्टरच्या सांध्यांवर, युनियनवर (पाइपच्या फिरवून सुटणाऱ्या जोडावर) हात फिरवून बघा. इथवर सगळं डोळ्यांना दिसतं आणि ऑपरेटरलाही माहीत असतं.

दिसत नाही ती मल्टिपोर्ट व्हॉल्व्हमधली गळती. फिल्टरवर जो दांडा असतो, फिल्टर, बॅकवॉश, रिन्स, वेस्ट असं लिहिलेला, त्याच्या आत चाकाच्या आऱ्यांसारखं एक रबर असतं. त्याला स्पायडर गॅस्केट म्हणतात. ते झिजलं किंवा खाचेतून निसटलं की दांडा ‘फिल्टर’वर असतानाही थोडं पाणी बॅकवॉशच्या पाइपमधून थेट गटारात जात राहतं. पाइप जमिनीखालून जातो, तोंड चेंबरमध्ये, चेंबरवर झाकण. कोण बघणार?

आमच्याकडे सापडलं ते हेच. बॅकवॉशचा पाइप जिथे उघडतो ते झाकण उचललं, दांडा ‘फिल्टर’वर, पंप चालू, आणि पाइपातून करंगळीएवढी धार. खाली पंधरा लिटरची बादली धरली, सहा मिनिटांत भरली. मिनिटाला अडीच लिटर. आमचा पंप दिवसाला दहा तास चालतो, म्हणजे सहाशे मिनिटं, म्हणजे दीड हजार लिटर. वर मोजलेला फरक आणि हा आकडा इतका तंतोतंत जुळला की मला शाळेत गणिताचा ताळा जमल्यावर व्हायचा तसा आनंद झाला. गॅस्केट गेलं कशामुळे? पंप चालू असतानाच दांडा फिरवण्याच्या सवयीमुळे. दांडा फिरवण्याआधी पंप बंद करायचा, दर वेळी, अपवाद नाही. आमच्या पंपरूमच्या दारावर आता हे मोठ्या अक्षरांत लावलं आहे.

ओव्हरफ्लो पूलवाल्यांनी आणखी एक फेरी पहाटे मारावी. पंप बंद झाल्यावर पूलमधलं पाणी पाइपातून मागे फिरू नये म्हणून नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असतो. तो नीट बसत नसेल तर रात्रभर पाणी खालच्या टाकीत उतरतं, टाकी भरते आणि जास्तीचं तिच्या ओव्हरफ्लो पाइपने बाहेर जातं. सकाळी पोहणारे येईपर्यंत ऑपरेटरने पंप लावलेला असतो आणि खुणा नाहीशा झालेल्या असतात.

बॅलन्सिंग टँकमध्ये मात्र उत्साहाच्या भरात कोणालाही उतरवू नका. बंद टाकीत हवा खराब असू शकते. झाकणं आधी बराच वेळ उघडी ठेवून, ब्लोअर लावून, वर माणूस उभा ठेवून, दोर बांधूनच. मोजायला काठी पुरते.

पाणी कुठे थांबतं ते बघा

पंपरूम स्वच्छ निघाली आणि बादली तरी गळती दाखवते आहे, असं झालं तर पूलला स्वतःच बोलू द्या. पंप बंद, पाणी भरणं बंद, आणि पातळी रोज खुणेने नोंदवत राहा. गळतीचं भोक ज्या उंचीवर असेल तिथे आलं की पातळी उतरणं मंदावतं आणि रोजच्या वाफेपुरतंच उरतं.

माझ्या मावसबहिणीचं खारघरला रो-हाउस आहे, मागच्या अंगणात ८ बाय ४ मीटरचा स्किमरचा पूल. तिच्याकडे पाणी रोज दोन सेंटिमीटर जादा जायचं, म्हणजे ६४० लिटर. इतकं पाणी रोज मातीत गेलं तरी वर काही दिसत नव्हतं, फक्त एका कोपऱ्यातलं गवत भर मेमध्ये हिरवंगार. तिला म्हटलं, भरू नकोस, थांब. पाणी उतरत उतरत पाण्याखालच्या दिव्याच्या मध्यावर आलं आणि थांबलं. दिव्याच्या मागच्या कोनाड्यातून वायरचा पाइप निघतो, तो सील केलेला नव्हता. पाणी वायरसोबत निवांत बाहेर चाललं होतं.

पातळी स्किमरच्या तोंडाच्या खालच्या कडेला थांबली तर प्लास्टिकचं स्किमर आणि काँक्रीट यांच्या सांध्यात फट असते. पाणी सोडणाऱ्या तोंडांशी थांबली तर तिथे. कुठेच थांबली नाही आणि तळाशी जायला लागली तर तळातली जाळी, तिचा पाइप किंवा तळाची चीर. पण जमिनीतला पूल असेल तर पाणी पूर्ण उतरेपर्यंत वाट बघत बसू नका. का, ते पुढे येतंच.

रंगाची परीक्षा

जागा साधारण कळली की रंगाने पक्की करायची. पंप बंद करून पाणी अगदी स्थिर होऊ द्या, अर्धा-पाऊण तास तरी. दिव्यांचा आणि पंपाचा मेन स्विच बंद करून तिथे कुलूप किंवा निदान चिठ्ठी लावा, आणि पाण्यात उतरणारा एकटा नको. केकच्या दुकानात मिळणारा गडद खाद्यरंग पूलच्याच पाण्यात कालवून बिनसुईच्या सिरिंजमध्ये भरा. संशयाच्या जागेपासून बोटभर अंतरावर अगदी हळू एक-दोन थेंब सोडा. गळती असेल तर रंगाची रेघ वळून आत ओढली जाते. नसेल तर ढगासारखा तिथेच लोंबकळतो. दिव्याची कडा, स्किमरचे कोपरे, पायऱ्यांचे सांधे, तळाच्या जाळीची चौकट, टाइल्सच्या फटींत भरलेल्या ग्राउटच्या निखळलेल्या रेघा, सगळीकडे करा. रंगपंचमीचा उरलेला रंग मात्र नको. टाइल्सच्या सांध्यांत बसला की निघत नाही, हे अनुभवाचे बोल, पण ती वेगळी गोष्ट.

रंगाने काही सापडलं नाही आणि संशय जमिनीखालच्या पाइपवर असेल तर इथे पैसे देऊन माणूस बोलवावा. एकेका पाइपची दोन्ही तोंडं रबरी बुचाने बंद करून आत पाण्याचा दाब देतात, साधारण १५ ते २० पीएसआय (दाबाचं माप), आणि काटा पंधरा-वीस मिनिटं हलतो का बघतात. दाब पाण्यानेच द्यायला सांगा. नुसती हवा कोंडली आणि बूच उडालं तर ते गोळीसारखं येतं. नापास झालेल्या पाइपवर मग ऐकण्याचं यंत्र लावून नेमकी जागा काढतात, म्हणजे फरशी दोन फूट उचकटावी लागते, वीस फूट नाही.

पार्किंगमध्ये ठिबकणारं पाणी कोणाचं?

आमच्या कंत्राटदाराने छतातून ठिबकणारं पाणी पाहून पूलला दोषी ठरवलं होतं. पोडियमवर पूलशेजारी काय काय असतं ते आठवून बघा. मातीने भरलेल्या बागेच्या कुंड्या, ज्यांना माळी रोज पाइप धरून पाणी घालतो. काठाची फरशी, पावसाच्या पाण्याचे पाइप, शॉवरची मोरी. काँक्रीटमधून पाणी वाट काढतं तेव्हा ते जिथे शिरलं तिथेच खाली पडेल असं नाही, स्लॅबमधून आडवं सरकून मीटरभर लांब निघतं.

म्हणून एकेकाला वगळायचं. थेंबाखाली भांडं ठेवून तासाला किती जमतं ते लिहा. मग माळ्याला चार दिवस सुट्टी द्या, फक्त त्या कुंड्यांपुरती. आमच्याकडे तिसऱ्या दिवशी ठिबकणं थांबलं. पूल काठोकाठ भरलेला होता आणि छत कोरडं! कुंडीच्या आतलं वॉटरप्रूफिंग मुळांनी फोडलेलं होतं. कुंड्यांनी फरक पडला नाही तर फरशीवर पाणी साठवून बघा, मग मोरी, आणि शेवटी पूलची पातळी फूटभर खाली आणून. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर काय कोणामुळे झालं ते कळत नाही.

छतावर पांढरा क्षार साचला असेल, बारीक सुळके लोंबत असतील तर पाणी बरेच दिवस काँक्रीटमधला चुना घेऊन उतरतंय. ते थेंब गाडीच्या रंगावर पडले की डाग सहजासहजी जात नाहीत, तेव्हा खाली गाडी असलेल्या सभासदाला तोवर दुसरी जागा द्या. अर्ध्या तक्रारी तिथेच शांत होतात.

फोडण्याआधी एक पत्र

इमारतीचा ताबा घेऊन पाच वर्षं झाली नसतील तर पुढचं वाचण्याआधी बिल्डरला पत्र लिहा. रेरा कायदा, म्हणजे घरबांधणी आणि बिल्डरांवरचा केंद्राचा कायदा, २०१६ च्या कलम १४(३) प्रमाणे ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला किंवा कामाच्या दर्जातला दोष निदर्शनास आणून दिला तर तो तीस दिवसांत जादा पैसे न घेता दुरुस्त करून देणं ही बिल्डरची जबाबदारी आहे. तुमच्या मोजणीची वही, तारखेसह फोटो, चेंबरमधल्या धारेचा व्हिडिओ सोबत जोडा. आपण आधी फोडलं तर “तुम्हीच हात लावला होता” हे उत्तर तयार असतं. पाच वर्षं उलटून गेली असतील तर सोसायटीच्या उपविधींतली (बायलॉजमधली) कमिटीची खर्चाची मर्यादा बघा, आणि ती ओलांडणार असेल तर सभेची मंजुरी आणि किमान तीन कोटेशन्स.

दुरुस्ती

गॅस्केटचं काम तासाभराचं. पंप बंद, दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद, झाकणाचे बोल्ट काढण्याआधी झाकण कसं बसलं होतं त्याची मार्करने खूण, खाच स्वच्छ करून नवं रबर बसवायचं. रबर त्याच कंपनीच्या त्याच मापाचं हवं, जुनं सोबत घेऊन दुकानात जा.

दिव्याचं कामही फोडाफोडीशिवाय होतं. वीज मेनमधून बंद. दिव्यामागे गुंडाळलेली जादा वायर असते, त्यामुळे दिवा पाण्यातून उचलून काठावर ठेवता येतो. मागच्या वायरच्या पाइपचं तोंड पाण्याखाली घट्ट होणाऱ्या इपॉक्सी पुट्टीने किंवा त्यासाठी मिळणाऱ्या रबरी बुचाने बंद करायचं. पुट्टीचे दोन भाग एकसारख्या रंगाचे होईपर्यंत मळा, कणकेसारखे. स्किमरच्या सांध्यातली बारीक फटही हिनेच बुजते, फक्त आधी शेवाळ आणि निखळलेलं सिमेंट घासून काढलं पाहिजे. बुळबुळीत जागेवर ती धरत नाही.

निखळलेलं ग्राउट पुन्हा भरताना वरवर लिंपू नका, जुनं खोलवर कोरून काढा, जागा कोरडी करा आणि इपॉक्सी ग्राउट वापरा. पण हे लक्षात असू द्या की पाणी अडवायचं खरं काम टाइल आणि ग्राउट करत नाहीत, त्यांच्या मागचा लेप करतो. ग्राउट भरूनही गळती राहिली तर लेपापर्यंत जावं लागेल.

भिंतीत किंवा तळात चीर असेल तर पहिला प्रश्न, ती वाढते आहे का? कोरड्या बाजूने, म्हणजे पार्किंगच्या छताकडून दिसत असेल तर चिरेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने तारीख घाला आणि चिरेवर आडवी काचपट्टी चिकटवा. महिन्याभरात काच तडकली तर स्ट्रक्चरल इंजिनियर गाठा, लेप लावून भागणार नाही. स्थिर चीर असेल तर ती इंग्रजी व्ही आकारात कोरतात, धुऊन नवं-जुनं चिकटावं म्हणून बाँडिंगचा हात देतात, आकसणार नाही अशा पॉलिमर मॉर्टरने भरतात, वरून वॉटरप्रूफिंगचे दोन हात आणि कोपऱ्यांत काचतंतूंची जाळी. पाइप जिथे काँक्रीटमधून आरपार जातो ती जागा सगळ्यात दगाबाज, तिथे भोवताली कोरून नॉन-श्रिंक ग्राउट भरायला सांगा. काँक्रीटच्या आतून पाझर असेल तर पीयू (पॉलियुरेथेन) इंजेक्शन करतात, ते पाण्याला लागून फुगतं आणि वाट बंद करतं. ते गळती थांबवतं, काँक्रीटला ताकद देत नाही. कंत्राटदार दोन्ही एकाच दमात सांगतात, म्हणून वेगळं लिहिलं.

फुटलेला पाइप कापून नवा तुकडा सोल्व्हंट सिमेंटने जोडला की एक दिवस हात लावू नका. खड्डा बुजवण्याआधी त्याच पाइपची दाबाची परीक्षा पुन्हा करून घ्या. बुजवल्यावर केलेली परीक्षा काय कामाची?

रिकामा करायचाच असेल तर

शक्यतो करू नका. जमिनीतला पूल, तोही पावसाळ्यात, तर अजिबात नाही. खाडीकाठच्या किंवा भराव घातलेल्या जागेत जुलैमध्ये जमिनीतलं पाणी खूप वर आलेलं असतं. भरलेल्या पूलचं वजन त्याला दाबून धरतं. पूल रिकामा केला की खालचं पाणी त्याला होडीसारखा वर उचलू शकतं, आणि मग गळतीची चिंता उरत नाही, पूलचीच करावी लागते. मावसबहिणीला मी आधी थांबायला सांगितलं होतं ते मेमध्ये, आणि तेही दिव्यापर्यंतच.

पोडियमवरच्या पूलला ही भीती नाही, पण भर उन्हात कोरड्या पडलेल्या टाइल्स तापून सुटतात. वरून हिरवी जाळी बांधा आणि काम लवकर उरका. सोडायचं पाणी दोन-तीन दिवस क्लोरीन न टाकता उन्हात राहू द्या, मग फरशा धुवायला, फ्लशच्या टाकीला वापरता येतं. पावसाचं पाणी मुरवायच्या बोअरमध्ये सोडू नका.

भरताना घाई नको. नव्या कामाला पुरवठादाराने सांगितलेले दिवस सुकू द्या. एक तृतीयांश भरा, थांबा, दुसऱ्या दिवशी खालून छत बघा. दोन तृतीयांश भरा, पुन्हा थांबा. पूर्ण भरल्यावर सात दिवस बादली आणि फूटपट्टी. सुरुवातीला पूल बादलीपेक्षा थोडा जास्त उतरला तर लगेच चेहरे पाडू नका. नवा गिलावा, ग्राउट सुरुवातीला थोडं पाणी पितात. मग दोन्ही आकडे बरोबर चालायला लागतात.

आता पंपरूममध्ये दोरीला बांधलेली एक वही लटकते. ऑपरेटर रोज सकाळी पंप लावण्यापूर्वी टाकीची पातळी लिहितो, बॅकवॉश केला त्या दिवशी पुढे ‘बॅ’ लिहितो, आणि महिन्यातून एकदा चेंबरचं झाकण उचलून धार नाही ना ते बघून सही करतो. गेटवरच्या टँकरच्या नोंदी मी अजूनही स्वतः मोजते. या एप्रिलमध्ये पूलसाठी तीन टँकर आले.